डॉ. आघारकर आणि प्राणवायूवाचून जगणारे जंतू

आमच्या सेलूकडे कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. पऱ्हाटी, कडबा, गवत यांचा मोठा भाग सेल्युलोजचा. तो आपल्याला पचत नाही आणि खरे तर गाईलाही नाही. तिच्या कोठीपोटात प्राणवायूवाचून जगणारे जंतू असतात, ते तिच्यासाठी हे काम करतात. गोबर गॅसच्या टाकीतही त्यांचेच भाईबंद.

अशा जंतूंवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बरेच काम झाले आहे. ज्यांचे नाव संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना ते पश्चिम घाट पालथा घालत. तिथे गोड्या पाण्यात त्यांना चक्क जेलीफिश सापडला! त्याचे जवळचे नातलग तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. कोलकात्याच्या अ‍ॅनंडेल यांनी तपासून त्याला 'लिम्नोक्निडा इंडिका' नाव दिले.

१९१४ मध्ये आघारकर शिकायला जर्मनीत गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांना कैदेत पडावे लागले. तरी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. पुढे १९४६ पर्यंत कोलकाता विद्यापीठात प्राध्यापकी. निवृत्तीच्या वयात लोक घर बांधतात. यांनी त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत चालवली. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

नवा जंतू सापडला की त्याचे गोत्र ठरवावे लागते. आकार, बीजाणू, किती उष्णता सोसतो, कोणती आम्ले तयार करतो हे पाहतात. मग त्याचा १६ एस जनुक वाचतात. ओळखीच्या जातींशी साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी भरले, तर जात नवी असण्याची शक्यता मोठी. नाव पक्के होण्यासाठी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो.

डॉक्टरला याचे काय? धनुर्वाताचा जंतू आणि सेल्युलोज फोडणारा थर्मोसेलम, दोघेही फार काळ क्लॉस्ट्रिडियम याच प्रजातीत गणले जात. जनुके वाचल्यावर थर्मोसेलमला वेगळे घर मिळाले. धनुर्वातवाला तिथेच आहे आणि मातीत, शेणातही आहे. अनवाणी पायात पऱ्हाटीचे खुंट घुसले तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात येऊन लशीचे विचारा.