वेफर्सचा विक्रेता : हर्मन ले

बटाट्याचे वेफर्स हर्मन ले यांनी शोधून काढलेले नाहीत. तरीही अमेरिकेतील या धंद्याचा इतिहास त्यांच्या नावावाचून लिहिता येत नाही, याचे कारण ते मुळात विक्रेते होते. १९०९ साली जन्मलेल्या ले यांचे बालपण दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे गेले. घराजवळच बेसबॉलचे मैदान होते. तेथे मिळणाऱ्या शीतपेयाहून स्वस्त पेय या मुलाने आपल्या अंगणात विकावयास ठेवले. व्यापाराचा हा पहिला धडा फर्मन विद्यापीठातील अर्धवट सोडलेल्या शिक्षणापेक्षा अधिक उपयोगी ठरला.

१९३२ साली, महामंदीच्या ऐन कडाक्यात, बॅरेट कंपनीचे वेफर्स नॅशव्हिल परिसरात विकण्याचे काम त्यांनी पत्करले. भांडवल शंभर डॉलर, आणि माल वाहावयास एक फोर्ड मोटार. मंदीत चैन परवडत नाही हे खरे. परंतु चिल्लर पैशांत मिळणारी पुडी ही बेकारालाही परवडणारी चैन असते.

या मालाची प्रकृती मोठी चमत्कारिक. वजनाने हलका, जागा मात्र फार व्यापणारा. लवकर मऊ पडणारा आणि हाताळताच चुरा होणारा. वखारीत साठवून चालत नाही, दूर पाठविणे परवडत नाही. म्हणूनच हा धंदा गावोगावच्या छोट्या कारखानदारांच्या हाती होता. ताजा माल दुकानाच्या फळीपर्यंत जो नियमाने पोहोचवील, त्याच्याच हाती अखेर सत्ता जाणार, हे ले यांनी ओळखले. ठरावीक मार्गांवर फिरणारे विक्रेते त्यांनी नेमले. चौथे दशक सरता सरता खुद्द बॅरेट कंपनीच विक्रीस निघाली, तेव्हा कर्ज उभारून ती त्यांनी घेतली. माल विकणाऱ्याने माल बनविणाऱ्यालाच विकत घेतले!

पुढचा क्रम मग याच तर्काने चालला. १९४५ साली डॅलसच्या फ्रिटो कंपनीच्या मक्याच्या चिप्सचा आग्नेय भागातील मक्ता त्यांना मिळाला. त्याच गाडीत आणखी एक पुडी ठेवावयास जादा खर्च जवळजवळ नसतोच. १९६१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. १९६५ मध्ये पेप्सी-कोलाशी विलीनीकरण होऊन पेप्सिको जन्मली, आणि ले तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. खारट खाऊन तहान लागते, हे अर्थशास्त्र समजावयास पदवी लागत नाही. अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगालाही ते समजले. शीतपेये आणि खाद्यपदार्थ यांच्या जोडजाहिरातींवर त्याने १९६८ साली बंधने घातली, दहा वर्षे तशा अन्य कंपन्या गिळण्यासही मज्जाव केला. तोवर असंख्य छोटे कारखानदार मागे पडले होते. स्वस्त विकून मोठ्यांना शह देणारा मुलगा आता स्वतःच मोठा झाला होता.

ले १९८२ साली वारले. त्यांच्या नावाचे वेफर्स पुढे भारतात आले, आणि फळीवरची सत्ता शेतापर्यंत पोहोचली. कंपनीच्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावला म्हणून २०१९ साली गुजरातेतील चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाईचे दावे गुदरले गेले. देशभर गहजब उडाल्यावर ते मागे घेण्यात आले.