पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ६० किलोमीटरवर केडगाव हे स्थानक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील उघड्या माळावर एक आगळी वसाहत उभी राहिली. पहाट झाली की तेथे जात्यांची घरघर सुरू होई. कोणी विहिरीचे पाणी भरी, कोणी गाईगुरांचे करी, कोणी मागावर कापड विणी, तर कोणी छापखान्यात खिळे जुळवी. ही सारी कामे स्त्रिया व मुलीच करीत. त्यांपैकी कित्येकींना दुष्काळाने पोरके केले होते, तर कित्येकींना आपल्याच माणसांनी घराबाहेर काढले होते. ह्या वसाहतीचे नाव मुक्ती सदन व तिच्या संस्थापिका पंडिता रमाबाई. संस्कृत विद्येत त्यांच्या तोडीची स्त्री त्या काळी विरळाच होती. अशा विदुषीने आपले उत्तरायुष्य चूल, जाते, विहीर आणि माग यांच्या संगतीत का घालविले, हे त्यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा समज. तो झुगारून शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली उतरविण्यात आले. तेव्हापासून तिचे बालपण प्रवासातच गेले. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम असे. पहाटेच्या शांत वेळी आई लेकीस जवळ घेऊन पाठ देई. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास रमेस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

परंतु विद्येने पोट भरतेच असे नाही. पुढे दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. दान देणारे हातच रिकामे झाले, तेथे पुराण कोण ऐकणार? जवळचे होते नव्हते ते सरले. शास्त्राध्ययनाखेरीज दुसरी विद्या कोणास ठाऊक नव्हती. अंगमेहनतीचे काम करावे, तर कुळाचा आणि विद्वत्तेचा अभिमान आड येई. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अशा स्थितीत प्रथम वडील, मग आई आणि पुढे थोरली बहीण अशी तिघेही गेली. आईचे प्रेत वाहून नेण्यास माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास ह्याने दिला आणि चौथा रमेने. मात्र ती उंचीने लहान असल्यामुळे तिला ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. स्मशान कित्येक मैल दूर होते. आईचा भार डोक्यावर घेऊन ती मुलगी तेथवर चालत गेली. हा प्रसंग रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

त्यानंतर बहीणभाऊ पायीच देशभर हिंडले. सुमारे ४००० मैलांची वाटचाल त्यांनी केली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने त्यांनी वाळूत खड्डे खणले व त्यांत शिरून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. इ. स. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांचे ज्ञान पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. सर्वत्र त्यांचा गौरव झाला. परंतु दैवाचे फेरे संपले नव्हते. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी विवाह केला. ते निराळ्या जातीचे होते. पुढील वर्षी त्यांस मनोरमा ही कन्या झाली. मुलगी वर्षाची होण्यापूर्वीच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पतीस पटकीने ओढून नेले. चोविसावे वर्षही पुरे न झालेल्या रमाबाई कडेवर तान्ह्या मुलीस घेऊन जगात एकट्या उरल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्या काळी बालविधवांची स्थिती फार करुणाजनक होती. आठदहा वर्षांच्या मुलींसही वैधव्य येई. मग त्यांचे केशवपन होई व घरातील काबाडकष्ट करीत त्यांस आयुष्य कंठावे लागे. अशा स्त्रियांस औषधपाणी करणाऱ्या स्त्री-डॉक्टर हव्यात, असे रमाबाईंस वाटे. आपणच वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार त्यांस सोडावा लागला. परंतु तेथेच त्यांच्या जीवनास नवे वळण मिळाले.

ह्या मठातील भगिनी लंडनमध्ये एक आश्रम चालवीत. ज्या स्त्रियांचे पाऊल वाकडे पडले म्हणून समाजाने त्यांस दूर लोटले होते, अशांस त्या जवळ करीत, न्हाऊमाखू घालीत, आजारात त्यांची शुश्रूषा करीत आणि कामधंदा शिकवीत. हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांवर ह्या भगिनी इतकी माया का करितात, असा प्रश्न त्यांस पडला. तेव्हा त्यांस येशू ख्रिस्ताच्या चरित्रातील एक कथा सांगण्यात आली. शोमरोन देशातील एक स्त्री विहिरीवर पाणी भरण्यास आली होती. लोक तिला हलकी मानीत. येशूने मात्र तिच्याजवळ पाणी मागितले व तिच्याशी आदराने संभाषण केले. ही कथा रमाबाईंच्या मनात खोल रुजली. जो देव पाणवठ्यावरच्या टाकलेल्या स्त्रीस आपली म्हणतो, त्याची सेवा आपणही करावी, असा त्यांचा निश्चय झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तथापि धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्वतः वाचून व विचार करूनच त्या आपले मत बनवीत. त्यामुळे तेथील वडीलधाऱ्यांशीही त्यांचे खटके उडाले.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी ह्यांना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभास त्या उपस्थित होत्या. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या दुःस्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला, ठिकठिकाणी व्याख्याने दिली व निधी जमविला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन ही विधवांसाठी निवासी शाळा उघडली. पुढील वर्षी ती पुण्यास हलविण्यात आली. ह्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला.

धर्माच्या बाबतीत मुलींवर कोणतेही दडपण आणावयाचे नाही, असे शारदा सदनाचे धोरण होते. परंतु रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. ह्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. ह्या मुली पुढे धर्म सोडतील, अशी पालकांस धास्ती वाटली. १८९३ मध्ये अनेकांनी आपल्या मुली शाळेतून काढून नेल्या. ज्या थोर पुरुषांनी रमाबाईंस आधार दिला होता, तेही संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपली प्रार्थना दार लावून करणे रमाबाईंस मान्य नव्हते. उरलेल्या मुलींस सोडून जाणेही त्यांस शक्य नव्हते. लोकनिंदा सोशीत त्यांनी आपले काम तसेच पुढे चालविले.

त्यांची खरी कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतात लोक अन्नान्न करून मरू लागल्याची वार्ता आली. रमाबाईंजवळ इतक्या माणसांस पुरेल असा पैसा नव्हता. परंतु पाल्यावर काढलेले दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी सोडवून आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात एवढी माणसे एकत्र ठेवण्याची सोय नव्हती. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन अशा वेळी उपयोगी पडली. तेथे प्रथम झोपड्या उभ्या राहिल्या, मग विहिरी खणल्या गेल्या, मग इमारती झाल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या व तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आलेल्या मुलींची स्थिती पाहवत नसे. अंगावर चिंध्या, केसांत उवा, हातापायांस खरूज. भुकेने व भीतीने त्या हिसकाहिसकी करीत. त्यांना आधी उपदेश करून काय होणार? आंघोळ, औषध, पोटभर भाकरी आणि स्वच्छ वस्त्र हाच त्यांचा पहिला पाठ होता. मग अक्षरओळख आणि तिच्या जोडीने एखादे हातकाम. केवळ विद्या असून हाताला काम नसले म्हणजे काय होते, हे रमाबाईंनी आपल्या घरी पाहिले होते. म्हणून शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, स्वयंपाक, छपाई असे नाना उद्योग तेथे चालत. कोणतेही काम हलके मानण्यात येत नसे. ज्या पूर्वी एकमेकींच्या हातचे पाणी घेत ना, अशा स्त्रिया एका चुलीवर रांधू लागल्या. अंध मुलींस मनोरमेने बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली. म्हाताऱ्या व अपंग स्त्रियांसाठी निराळे सदन होते. रमाबाईंची वृत्ती साधी होती. पांढरे सुती वस्त्र नेसून त्या सगळीकडे लक्ष पुरवीत. त्यांच्या मते देवाची प्रार्थना आणि भुकेल्याची भाकर ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

एवढ्या व्यापातही त्यांनी एक मोठे विद्याकार्य हाती घेतले. बायबलाचे मराठी भाषांतर उपलब्ध होते. परंतु त्याची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांस कठीण वाटे. आपल्या मुलींस व खेड्यातील बायाबापड्यांस सहज कळेल असे भाषांतर करावे, असे रमाबाईंनी ठरविले. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. सुमारे १८ वर्षे हे काम चालले होते. जिने पंडितांची सभा जिंकली, तिने आता जड शब्द टाळून सोपा शब्द शोधण्यात आपली विद्वत्ता वेचली. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, पाने छापणे ही कामे मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली. एके काळी अन्नासाठी झगडणाऱ्या मुलींचे हात आता ग्रंथ घडवीत होते.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक दिले. परंतु १९२१ च्या जुलैत मनोरमा ऐन चाळिशीत निवर्तली. आईनंतर संस्था सांभाळील अशी तीच एक होती. हा घाव सोसून रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. भाषांतराचे काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेविला. १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ करीत आहे.

रमाबाईंच्या काही मतांशी त्यांच्या काळी अनेकांचे पटले नाही. परंतु त्यांची श्रद्धा खरी होती की नाही, ह्याची साक्ष त्यांच्या व्याख्यानांपेक्षा केडगावच्या मुलींनी अधिक दिली. ज्यांना कोणी घरात घेत नव्हते, त्यांचे केस रमाबाईंनी विंचरले, त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि त्यांच्या हातांना काम दिले. विद्वत्तेने त्यांस कीर्ती मिळाली. पण अशा लहानसहान, रोजच्या कामांनीच शेकडो जीव वाचले.