धर्म मिळाला, पण देव भेटायचा बाकी होता : केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

केडगाव (ता. दौंड) : पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. इथलं मुक्ती मिशन पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. निराधार बाया आणि पोरक्या मुलींना इथं आजही आसरा मिळतो. हे मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकातही भेटतं. विधवांसाठी शाळा काढणाऱ्या विदुषी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण या बाईंच्या आयुष्यात आणखी एक शोध चालला होता. देव कसा भेटतो आणि त्यासाठी माणसानं कशी तयारी ठेवायची, या प्रश्नानं त्यांना लहानपणापासून स्वस्थ बसू दिलं नाही.

पायपीट आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बाईमाणसानं संस्कृत शिकणं पाप समजलं जायचं, त्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं. आईनं मग लेकीला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर तीर्थयात्रा करत फिरायचं. बहुतेक प्रवास पायीच. उपास, व्रतं, दानधर्म, स्नानं, कशातच त्यांनी कसूर केली नाही.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. जवळ होतं नव्हतं ते संपलं. थोड्या थोड्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. मागं राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. एवढं सगळं करूनही देव का पावला नाही, हा सल त्या वयातच मनात रुतला.

बहीण-भाऊ चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. नाव झालं. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच पटकीनं नवरा गेला. तेविशीत वैधव्य आणि कडेवर तान्हं लेकरू.

इंग्लंडमधला बाप्तिस्मा

आसामातल्या सिलचरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. येशूची ओळख तिथं झाली. पुढं पुण्यात येऊन १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायच्या इराद्यानं त्या इंग्लंडला गेल्या. पण कानानं कमी ऐकू येत असल्यानं तो बेत राहिला.

तिथं एका गोष्टीनं त्यांना हलवून सोडलं. समाजानं वाळीत टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. अशा बायांकडे कुणी प्रेमानं बघतं, हेच त्यांना नवीन होतं. येशू विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलला, ती बायबलमधली गोष्ट वाचून त्यांना या मायेचं मूळ कळलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आठ वर्षांनी उमगलेली उणीव

अमेरिकेत मदत गोळा करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. काम जोरात होतं, नाव देशोदेशी होतं. तरीही आतून काहीतरी रितं वाटत होतं.

बाप्तिस्मा होऊन आठेक वर्षं झाली, तेव्हा त्यांना स्वतःची उणीव कळली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताशी आपलं नातं जुळलंच नाही. धर्म बुद्धीला पटला, काळीज मात्र कोरडं राहिलं. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. पाळक होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्याचं मन पालटलं होतं. एवढी मोठी पंडिता, पण आपली विद्या आणि आपली चांगली कामं बाजूला ठेवून ती मोकळ्या हातानं देवापुढं बसली. स्वतःच्या पुण्याईनं देव मिळवायची लहानपणापासूनची धडपड तिथं थांबली. येशूनं आपल्याला आहे तसं पत्करलं, हा भरवसा त्यांना मिळाला. तेव्हापासून पहाटेची प्रार्थना हा त्यांच्या दिवसाचा पाया झाला.

याची किंमतही द्यावी लागली. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. शाळेत धर्म आणणार नाही असं ठरलं असताना हे कसं चालतं, म्हणून पुण्यात गदारोळ झाला. केसरीनं कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा राग समजण्यासारखा होता. रमाबाईंनी मात्र ना दार लावलं ना शाळा बंद केली.

माळावरचं मुक्ती

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. भूक म्हणजे काय, हे स्वतः भोगलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या तिकडं गेल्या आणि उपाशी, अर्धमेल्या मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि एवढ्या मुली शहरात ठेवायला बंदी झाली. फळबागेसाठी केडगावला जमीन घेतलेली होती. मुलींना तिथं नेलं. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. गुजरातेतल्या १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या बायांना, फसवल्या गेलेल्या बायांना वेगळी घरं होती. शेती, गाईगुरं, हातमाग, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या, काही महिन्यांत हा आकडा पाचशेच्या पुढं गेला. जूनअखेर मुक्तीत आत्मिक जागृती झाली. मुली रडत आपली पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. या प्रकारावर तेव्हा उलटसुलट बोललं गेलं. रमाबाईंनी गाजावाजा केला नाही. मुलींच्या टोळ्या करून त्यांनी त्यांना आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला धाडलं.

दिव्यात तेल

येशूच्या दाखल्यात दहा कुमारी नवरदेवाची वाट बघतात. पाचजणी जादा तेल घेऊन येतात, पाचजणींचे दिवे ऐन वेळी विझायला लागतात. रमाबाईंचं तेल रोजच्या कामात साठत होतं. गावाकडच्या बायांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी उतारवयाकडे झुकल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्याच मुलींनी केलं.

अंगावर साधी पांढरी साडी, कानांनी साथ सोडलेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आपल्यामागं मुक्ती सांभाळील म्हणून जिच्याकडं बघितलं, ती चाळिशीतली लेक डोळ्यांदेखत गेली. रमाबाईंनी पुन्हा भाषांतराचे कागद पुढं ओढले.

ते काम त्यांनी जिवंतपणी हातावेगळं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. त्यांचं बायबल नंतर केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.