स्थूल आणि सूक्ष्म : भास्कराचार्य

सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड या गावी शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली, भास्कराचार्यांचा जन्म झाला. हे गाव विजापूर की खानदेशातील पाटण, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. कन्नड आणि मराठी या दोघांनीही त्यांना आपले म्हणावे, हे ठीकच आहे. त्या काळी आपल्या बिदर जिल्ह्यातील कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. आजच्या सीमा तेव्हा नव्हत्या.

पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग होय. लीलावती नावाच्या कन्येची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती येथे नको.

परिघ काढण्याच्या दोन रीती या ग्रंथात आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागणे ही सूक्ष्म, तर २२ ने गुणून ७ ने भागणे ही व्यवहारापुरती स्थूल. व्यास १००० हात असेल तर स्थूल रीतीने परिघ सुमारे सव्वा हात जास्त येतो. सूक्ष्म रीतीत चूक हाताच्या शंभराव्या भागाहूनही कमी. कोणते उत्तर कितपत खरे, हे आचार्य आधीच सांगून ठेवतात.

त्यांचे वर्गमुळाचे उदाहरण तर मुळातूनच पाहावे. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन; कर्ण किती? कर्णाचा वर्ग १६९/८ येतो आणि त्याचे मूळ पूर्ण निघत नाही. आचार्य अंश व छेद यांचा गुणाकार १३५२ घेतात आणि त्याला शंभराच्या वर्गाने, दहा हजारांनी, गुणतात. १,३५,२०,००० चे जवळचे मूळ ३६७७. त्याला आठशेने भागले की ४ पूर्णांक ४७७/८००. खरे मूळ ३६७६.९५ च्या आसपास आहे, म्हणून ३६७६ वर न थांबता त्यांनी पुढची संख्या घेतली. अधिक सूक्ष्मता हवी असेल तर आणखी मोठ्या वर्गाने गुणावे.

आज संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर पुष्कळदा ०.३०००००००००००००००४ असे उत्तर मिळते. यंत्र द्विमान पद्धतीने संख्या साठवते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा संपत नाही, तसा त्या पद्धतीत एक दशांश संपत नाही. मग सुमारे सोळा अंकांनंतरचा भाग सोडून द्यावा लागतो आणि यंत्र तसे बोलूनही दाखवीत नाही! म्हणून जाणते लोक हिशेबाचे कार्यक्रम लिहिताना रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवतात. आचार्यांचे शंभराने गुणणे ते हेच.

११८३ साली, ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. ग्रहगणित थोड्या श्रमात व्हावे, यासाठीचा हा छोटा ग्रंथ. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता; नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापिला. त्याची नोंद करणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.