नाद, नेत्र आणि रामन

आमचे सिहोरा आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात १९१० साली हिशेबखात्याचा एक तरुण अधिकारी बदलून आला. कचेरीचे काम चोख करून उरलेला वेळ तो भौतिकशास्त्रास देत असे. ते चंद्रशेखर वेंकट रामन होत. केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकविलेल्या आम्हांस या चरित्राचे विशेष अगत्य वाटते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीस झाला. विद्यार्थिदशेत हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नादविषयक ग्रंथाने त्यांस भारून टाकले. कानातील शंखाकृती पोकळीत एक पडदा असतो आणि त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या स्वरांस कंप पावतात, हे हेल्महोल्ट्झचे प्रतिपादन. देहाचे व्यापारही पदार्थविज्ञानाच्या नियमांनीच चालतात, ही दृष्टी रामन यांस येथे लाभली. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे ते जुळतात आणि कानास स्वर ऐकू येतो, हे त्यांनी पुढे प्रयोगाने दाखविले.

१९१७ साली सुरक्षित नोकरी सोडून, वेतन जवळजवळ निम्म्यावर येत असतानाही, त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकपद पत्करले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणाचा शोध जाहीर झाला. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील पेशींची रासायनिक घडण पारखण्याच्या कामी तो शोध आज उपयोगी पडत आहे.

सत्तरी ओलांडल्यावर रामन नेत्राकडे वळले. रंगीत काचांमधून पाहून ते स्वतःच्याच दृष्टीची परीक्षा घेत. डोळ्यात तीन प्रकारचे रंगग्राहक असतात, हे यंग व हेल्महोल्ट्झ यांचे मत त्यांनी अमान्य केले आणि १९६८ साली दृष्टीवर ग्रंथ लिहिला. परंतु त्यापूर्वीच, १९६४ साली, एकेका पेशीच्या मोजमापातून तीन प्रकारचे ग्राहक प्रत्यक्ष आढळले होते. शास्त्रज्ञांनी रामन यांचे मत स्वीकारले नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

ज्या गुरूने कानाचे रहस्य शिकविले, त्याच्याच नेत्रविषयक मतास शिष्याने आव्हान दिले आणि प्रयोगाने कौल गुरूच्या बाजूने दिला. यामुळे रामन यांचे मोठेपण उणावत नाही, असे आम्हांस वाटते. विज्ञानात कीर्ती, वय वा पारितोषिक यांस पुराव्याचे मोल नसते. परमुलखात वाढणाऱ्या आमच्या मुलांनी त्यांच्या यशाबरोबर ही गोष्टही ध्यानी ठेवावी.