आजोबांची गोळी, उंदराचं औषध

माझ्या आजोबांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. ते रोज रात्री वॉर्फरिनची गोळी घेतात. एकदा सकाळी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेचना. त्या गडबडीत मला कळलं, की हेच वॉर्फरिन उंदीर मारायलाही वापरतात. मी हादरलेच! ही आयडिया कोणाची म्हणून शोधायला गेले आणि कार्ल पॉल लिंक भेटले.

लिंक यांचा जन्म १९०१ चा, अमेरिकेतल्या इंडियानातला. पुढे ते मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक झाले. फेब्रुवारी १९३३ मध्ये, भर हिमवादळात, एक शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत तिथे आला. सोबत काय, तर मेलेली कालवड, कॅनभर रक्त आणि सडलेला चारा! त्याची जनावरं रक्तस्रावाने मरत होती. कॅनमधलं रक्त गोठलंच नव्हतं. त्या दिवशी लिंक त्याला हा चारा घालू नका, यापलीकडे फारसं काही सांगू शकले नाहीत. बिचारा तसाच परत गेला.

पण लिंक यांच्या टीमने तो चारा सोडला नाही. १९३९ मध्ये त्यातून डायकुमरॉल वेगळं काढलं. रक्त गोठवणारे काही घटक बनवायला लिव्हरला व्हिटॅमिन के लागतं, आणि हे रसायन नेमकं तिथेच आडवं येतं. पुढे लिंक टीबीने आजारी पडले. सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या त्यांच्या डोक्यात उंदीर आले! (आम्हाला हॉस्टेलवर पडल्या पडल्या फक्त झोप येते.) त्यातूनच १९४८ मध्ये वॉर्फरिन बाजारात आलं, उंदरांसाठी.

१९५१ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने आत्महत्येसाठी ते खाल्लं आणि व्हिटॅमिन के देऊन तो वाचला. म्हणजे उतारा होता! १९५४ मध्ये ते माणसांचं औषध झालं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं. लिंक १९७८ मध्ये गेले.

गाय मेली ती ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे आजोबांच्या झडपेवर गुठळी होत नाही. फरक फक्त डोसचा. त्यांचा आयएनआर २ ते ३ मध्ये हवा, तो ५ च्या वर गेला होता. गुडघ्यासाठी कोणाला न विचारता घेतलेली पेनकिलर नडली. आता दर महिन्याला रक्त तपासतात, आणि मेथी-पालक किती खायचं ते आजी ठरवते.