लुई ब्रेल आणि टोच्या

आमचे आबा चपला शिवतात. ते आपली हत्यारे आपणच बनवतात. सायकलच्या जुन्या तारेला दगडावर घासून टोक काढतात आणि बाभळीची मूठ बसवतात, की झाला टोच्या! मूठ मात्र पुन्हा पुन्हा तासतात. ती हातात नीट बसली नाही तर हत्यार घसरतं. माझा धाकटा भाऊ टोच्याला हात लावतो तेव्हा आबा फार रागावतात. मला ते उगाच वाटायचं. मग गुरुजींनी लुई ब्रेल यांची माहिती सांगितली.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशातील कुव्रे गावी झाला. त्याचे वडील घोड्याचे खोगीर व लगाम शिवत. आपल्याकडे अशा कारागिराला जिनगर म्हणतात. तीन वर्षांचा लुई एकदा वडिलांचा टोच्या घेऊन कातड्याला भोक पाडू लागला. टोच्या घसरला आणि डोळ्यात गेला. जखम चिघळली आणि दुसरा डोळाही गेला. पाच वर्षांचा होईपर्यंत तो पार आंधळा झाला.

दहाव्या वर्षी, म्हणजे माझ्याएवढा असताना, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथे उठावाची मोठी अक्षरे बोटाने चाचपून वाचायला फार वेळ लागे. बार्बिये नावाच्या माणसाने बारा टिंबांची लिपी काढली होती. जाड कागदावर टोच्याने टिंबे टोचायची आणि बोटाने वाचायची. पण बारा टिंबे एका बोटाखाली मावेनात! आबा मूठ हाताजोगी करतात, तशी लुईने लिपी बोटाजोगी केली. त्याने टिंबे सहावर आणली. १८२४ साली त्याची लिपी तयार झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ साली तिचे पुस्तक निघाले.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने वारले. शाळेने त्यांची लिपी १८५४ साली मान्य केली, पण ते त्यांना कळलंच नाही. आज मराठीसुद्धा याच सहा टिंबांत लिहितात.

ज्या हत्याराने डोळे गेले, तसल्याच हत्याराने त्यांनी अंधांना अक्षरे दिली. पालकांनी टोकाची हत्यारे लहान मुलांपासून उंच ठेवावीत. आबा आता माझ्या हाताच्या मापाची मूठ तासत आहेत. ती झाली की ते मला शेजारी बसवून शिकवणार आहेत.

— इयत्ता ४ थी